पिशवी काढायला सांगितली आहे? सही करण्याआधी हे वाचा

‘डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका. काढू का?’ गर्भाशयाच्या ऑपरेशनबद्दल वाचकांकडून वारंवार येणारा हा प्रश्न आहे. कुणाला पाळीत फार रक्त जातं, कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाच्या सोनोग्राफीत गाठ निघाली आहे. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी सल्ला एकच मिळतो आणि घाईही सारखीच असते. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं असतं, उचल घेतलेली असते, किंवा लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असतं. मग ‘एकदाचं उरकून घेऊ’ असं घरात ठरतं.

या घाईची किंमत आपल्या धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्याने मोजली आहे. तिथल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती जून २०१९मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींचं, म्हणजे साधारण सहातल्या एकीचं, गर्भाशय काढलेलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. भूम, वाशी, कळंब भागातूनही दरवर्षी कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

ही शस्त्रक्रिया वाईट नाही. योग्य कारणासाठी, योग्य वेळी केली तर ती जीव वाचवते. पण काढलेला अवयव परत बसवता येत नाही, म्हणून निर्णय तोलूनमापून व्हायला हवा. तो कसा तोलायचा, ते इथे क्रमाने पाहू.

आधी ठरवा: घाईचा आजार आहे की वेळ आहे?

पुढीलपैकी काही असेल तर एक दिवसही दवडू नका. रुग्णालय गाठा, गरज पडल्यास १०८ला फोन करा:

- तासाभरात पॅड किंवा कापड पूर्ण भिजतं, चक्कर येते, दम लागतो.
- पोटात अचानक असह्य दुखतं, सोबत ताप किंवा उलट्या आहेत. पाळी चुकलेली असेल तर धोका अधिक.
- बाळंतपणात किंवा गर्भपातानंतर रक्त थांबत नाही.

पुढील लक्षणं दिसली तर काही दिवसांतच तपासणी करून घ्या:

- पाळी कायमची जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं.
- संबंधानंतर रक्त जातं किंवा घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव होतो.
- पोटाचा घेर किंवा गाठ झपाट्याने वाढते आहे.

यातलं काही नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. तपासण्या, औषधं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत यांसाठी तो वापरा. ‘आजच दाखल व्हा, नाहीतर उद्या कॅन्सर होईल’ असं कुणी म्हणत असेल, तर कोणत्या तपासणीवरून हे सांगता, असं शांतपणे विचारा.

तुमच्या तक्रारीवर आणखी कोणते उपाय आहेत?

- पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं: बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्ग असतो. त्यावर गोळ्यांचा पूर्ण कोर्स लागतो आणि अनेकदा नवऱ्यालाही तो घ्यावा लागतो. एकटीने औषध घेतलं की त्रास उलटतो आणि मग ‘औषधाने गुण येत नाही’ म्हणून ऑपरेशनचा विषय निघतो. पांढरं जाणं हे एवढं एकच कारण पिशवी काढायला पुरेसं नाही.
- पाळीत जास्त रक्त जाणं: आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. चाळिशी ओलांडलेली असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासण्याबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल विचारा. रक्तस्राव कमी करणाऱ्या आणि हार्मोनच्या गोळ्या मिळतात. तांबीसारखं बसवायचं एक हार्मोनचं साधनही असतं. ते काही वर्षं काम करतं आणि त्याने बऱ्याच स्त्रियांचं ऑपरेशन टळतं.
- गर्भाशयातली गाठ (फायब्रॉइड): ही गाठ कॅन्सरची असणं फार दुर्मीळ. लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठीला काहीच करावं लागत नाही. पाळी गेल्यावर ती सहसा आकसते. त्रास देणारी गाठ पिशवी न काढताही काढता येते.
- अंडाशयावरची पाण्याची गाठ (सिस्ट): पाळी सुरू असलेल्या वयात साधी, लहान सिस्ट दोन-तीन महिन्यांत बहुधा आपोआप जाते. पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करायची.
- अंग बाहेर येणं: सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि आत बसवायची रिंग यांनी आराम पडतो. जास्त बाहेर आलं असेल तर शस्त्रक्रिया योग्य ठरते.
- कंबरदुखी, थकवा: याचं मूळ बहुतेकदा रक्ताची कमतरता आणि वाकून केलेलं कष्टाचं काम यांत असतं. पिशवी काढून ही दुखणी जात नाहीत.

कॅन्सर सिद्ध झाला असेल, मोठ्या गाठींनी त्रास होत असेल, किंवा औषधांचा पूर्ण कोर्स घेऊनही रक्त थांबत नसेल, तर ऑपरेशनला घाबरून उगाच पुढे ढकलू नका. तेही तितकंच धोक्याचं आहे.

‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीवर उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिलं

कॅन्सरची भीती घालून सर्वांत जास्त सह्या घेतल्या जातात. स्त्रियांना भीती असते ती मुख्यतः गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. हा कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षं लागतात. त्याआधीची अवस्था तपासणीत सापडते आणि पिशवी न काढता छोट्या उपचाराने बरी करता येते.

याचा जगन्मान्य पुरावा धाराशिवमधल्या बायकांनी दिला आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट केले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात घेतल्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाची अशी तपासणी झाली नव्हती त्यात ६४ झाले, आणि तो गट काहीसा लहानच होता. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तपासणीची जागतिक धोरणं ठरवताना त्यांचा आधार घेतला गेला.

म्हणून भीती वाटत असेल तर आधी तपासणी करा. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी व्हीआयए ही सोपी तपासणी असते. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पाहतात. ती एकदा करून विसरू नका, कारण वरच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएचा एचपीव्हीइतका फायदा दिसला नव्हता. ती दर पाच वर्षांनी करावी लागते. एचपीव्ही तपासणी कुठे होते, हेही विचारून ठेवा.

सोनोग्राफीचा कागद असा वाचा

अनेक निर्णय सोनोग्राफीच्या एका ओळीवर होतात. रिपोर्ट हातात घ्या आणि खाली ‘इम्प्रेशन’ लिहिलेला भाग पाहा. तिथे पुढचे शब्द सापडले तर लगेच घाबरू नका:

- बल्की युटेरस: गर्भाशय थोडं मोठं आहे, एवढाच अर्थ. मुलं झालेल्या स्त्रीत असं सहज दिसतं. हा आजार नव्हे.
- नॅबोथियन सिस्ट: गर्भाशयाच्या मुखावरचे निरुपद्रवी फोड. त्यांना उपचार लागत नाही.
- मिनिमल फ्री फ्लुइड: ओटीपोटात थोडं पाणी. पाळीच्या चक्रात ते नेहमीच दिसू शकतं.
- पीआयडी: ओटीपोटातला संसर्ग. याचा पहिला उपचार प्रतिजैविकांचा असतो.
- फायब्रॉइड: किती सेंटिमीटरची आणि कुठे, हे पाहा. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. आतल्या अस्तराला टेकलेली छोटी गाठही खूप रक्त घालवते, उलट बाहेरच्या अंगाची मोठी गाठ गप्प बसू शकते.

‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी सडली आहे’ हे रिपोर्टमधले शब्द नव्हेत. असं कुणी सांगितलं तर आजाराचं नाव कागदावर लिहून मागा.

फायदा आणि धोका कसा तोलाल?

‘काही होत नाही, रोजचंच ऑपरेशन आहे’ हे खरं नाही, आणि ‘ऑपरेशन म्हणजे मरणच’ हेही नाही. धोका शंभरात किती जणींना, असा आकड्यात विचारा. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पोट उघडून केलेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचे दिलेले आकडे अंदाजासाठी उपयोगी आहेत: गंभीर गुंतागुंत शंभरात सुमारे चार जणींना, रक्त चढवावं लागणं हजारात २३ जणींना, लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा हजारात सात जणींना. तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, आधी सिझेरियन झालं असेल, तर तुमचा धोका यापेक्षा जास्त धरा.

लांबच्या परिणामांचा विचार सहसा होतच नाही. तो असा करा:

- वय: आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. तुम्ही पंचेचाळिशीच्या आसपास असाल, तर औषधांवर थोडा काळ निभावला की काही त्रास आपोआप संपतात. तुम्ही तिशीत असाल, तर परिणाम सोबत घेऊन जगायची वर्षं खूप आहेत.
- अंडाशय: गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढले तर शरीरातलं स्त्री-हार्मोन एकदम थांबतं. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका हे सगळं वेळेआधी येतं. पाळी जाण्याआधीच्या वयात, कॅन्सर किंवा त्याची आनुवंशिक जोखीम नसेल, तर अंडाशय ठेवण्याचा आग्रह धरा. ते ठेवले तरी काही जणींची रजोनिवृत्ती थोडी लवकर येते, हेही माहीत असू द्या.
- काम: ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. दसऱ्याला ऑपरेशन आणि दिवाळीनंतर डोक्यावर उसाची मोळी, हा हिशेब शरीराला झेपत नाही. हंगामाचा खाडा वाचवण्यासाठी केलेलं ऑपरेशन अशाने हंगामच बुडवू शकतं.

डॉक्टरांना हे सहा प्रश्न विचारा

प्रश्न वहीत लिहून न्या आणि सोबत घरचं एक विश्वासाचं माणूस ठेवा.

१. माझ्या आजाराचं नाव काय, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरलं?
२. ऑपरेशनशिवाय कोणते उपाय आहेत? माझ्यासाठी ते का चालणार नाहीत?
३. तीन महिने थांबले तर काय होईल?
४. काय काय काढणार? अंडाशय ठेवणार का?
५. ऑपरेशन खालून, दुर्बिणीने की पोट उघडून? खालून शक्य असेल तर बरं व्हायला सहसा कमी दिवस लागतात.
६. रक्ताची आणि भूलतज्ज्ञांची सोय काय? गुंतागुंत झाली तर कुठे हलवणार?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. उत्तरं टाळली जात असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं तेवढं एक कारण पुरे.

दुसरं मत कुठे घ्याल?

तुमचं वय ४०च्या आत असेल तर दुसरं मत अनिवार्यच समजा. ते पहिल्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या ठिकाणी घ्या. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि स्त्री रुग्णालय आहे. तुळजापूर, कळंब, उमरगा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पुढच्या तपासणीसाठी लातूर आणि सोलापूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, तर कॅन्सरची शंका असेल तर बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. जाताना जुने सगळे कागद, रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते लगेच सांगू नका. आधी तुमची तक्रार सांगा आणि नव्या डॉक्टरांचं स्वतंत्र मत ऐका.

सही कशावर करता आहात?

संमतिपत्र बहुतेक वेळा इंग्रजीत छापलेलं असतं आणि ऑपरेशनच्या सकाळी गडबडीत पुढे केलं जातं. ते आदल्या दिवशी मागा आणि मराठीत समजावून घ्या. ‘टीएएच’ म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढणं. त्यापुढे ‘बीएसओ’ अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढल्या जाणार आहेत. ते तुम्हाला सांगितलं नसेल तर सही करू नका. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर कधीच सही किंवा अंगठा देऊ नका.

सज्ञान स्त्रीच्या शरीरावरच्या ऑपरेशनला तिचीच संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही तिची जागा घेऊ शकत नाही. समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट झालं. दुर्बिणीतून फक्त तपासणी करायला आलेली स्त्री भुलेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना तपासणीची संमती ऑपरेशनची संमती ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये दिला. संमती दिल्यानंतरही तुम्ही ऑपरेशनच्या आधी कधीही ती मागे घेऊ शकता.

पैसे: फुकट आहे म्हणून करू नका

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना आता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. या ठिकाणी तीन गोष्टी सांभाळा:

- ‘योजनेत बसतंय, करून घ्या’ हे ऑपरेशनचं वैद्यकीय कारण नव्हे.
- मंजूर झालेल्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर योजनेकडे तक्रार करा.
- योजनेबाहेर करायचं असेल तर एकूण खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यासाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेणं टाळा. ती फेडायला पुढचा हंगाम आजारी शरीराने करावा लागतो.

तुमचे हक्क आणि तक्रारीच्या जागा

- कागदपत्रं: वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत तुमच्या नोंदी मिळाल्या पाहिजेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. काढलेल्या गर्भाशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्टही मागा. ऑपरेशन गरजेचं होतं का, याचा पुरावा त्यात असतो.
- सनद आणि दरफलक: राज्याच्या २०२१च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दर दिसतील असे लावलेले हवेत. याबाबतची तक्रार आपल्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा.
- अनावश्यक ऑपरेशन: ही ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या सर्व राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये दिला. तक्रारीत याचा उल्लेख करा.
- डॉक्टरांविरुद्ध: महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.
- भरपाई: पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही.
- वकील: स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. क्रमांक १५१००.

ऑपरेशन ठरलंच तर

- हिमोग्लोबिन आधी वाढवून घ्या. तातडी नसेल तर त्यासाठी महिना-दोन महिने थांबणं योग्य.
- रोजच्या सर्व गोळ्या, तंबाखू-मिश्रीची सवय आणि औषधांची अ‍ॅलर्जी भूलतज्ज्ञांना सांगा.
- घरी आल्यावर ताप, टाक्यांतून पू, जास्त रक्त, लघवी न होणं किंवा सतत गळणं, पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- सहा आठवड्यांचं पाणी भरणं, सरपण आणि गुरांचं काम घरात कोण करणार, हे दाखल होण्याआधी ठरवा.

घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना एक विनंती आहे. ‘मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग’ असं म्हणू नका. तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या तब्येतीचा हा प्रश्न आहे. तिच्यासोबत दवाखान्यात जा, प्रश्न विचारताना तिच्या बाजूने उभे राहा आणि शेवटचा निर्णय तिचा तिला घेऊ द्या. आणि ताई, तुम्हाला एवढंच सांगणं: सहा प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय आणि दुसरं मत घेतल्याशिवाय, तातडी नसेल तर, सही करू नका.